पुसदसारख्या गावातला जुना बंगला ‘हेरिटेज’ ठरतो तरी कसा?

पुसदच्या राजकारणात ‘बंगला’ एवढा एक शब्द पुरतो. कुणाचा बंगला, हे विचारावं लागत नाही. नाईकांचा.

पुसदजवळच्या गहुली या छोट्याशा गावानं महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून जास्त काळ सलग मुख्यमंत्री होते आणि त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात. वसंतराव १९४६ मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि तिथून त्यांचा राजकीय प्रवास सुरू झाला. त्यामुळे तालुक्याच्या बोलण्यात ‘बंगल्यावरून काय निरोप आला’ याचा अर्थ घराशी कमी आणि सत्तेशी जास्त लागतो.

आता प्रश्न असा, की घराला महत्त्व येतं ते त्यात राहिलेल्या माणसांमुळे, की घर म्हणून? आणि ज्या घरात मुख्यमंत्री राहिला नाही, पण जे १९२५ किंवा १९३५ साली एखाद्या वकिलानं, डॉक्टरनं, जिनिंगवाल्यानं हौसेनं बांधलं, त्याचं काय? विदर्भातल्या बहुतेक जुन्या तालुक्याच्या गावी अशी घरं आहेत. पुढे कंपाउंड, मग पोर्च, लांब व्हरांडा, वर मंगलोरी कौलं आणि दर्शनी भागावर चुन्यात कोरलेलं साल. मेन रोडला लागून असल्यामुळे जमिनीचा भाव घराच्या शंभर पट. वारसदार दहा-बारा. मग एक दिवस जेसीबी येतो आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो, ‘गावाची शान गेली’.

शान गेली हे सगळ्यांना कळतं. पण ती शान नेमकी कशात होती, ती मोजतात कशी आणि कायदा तिला वाचवू शकतो का, हे बहुतेकांना माहीत नसतं.

आधी ‘बंगला’ या शब्दाचीच गंमत

बंगला म्हणजे बंगालचा. बंगालमधली गवती उतरत्या छपराची, एकमजली, भोवती पडवी असलेली झोपडी ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी पाहिली आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचं नाव त्यांच्या कागदपत्रांत आलं. पुढे इंग्रजांनी तिला उंच जोतं दिलं, भिंती जाड केल्या, आवार मोठं केलं. कलेक्टरचा बंगला, डाकबंगला, इंजिनिअरचा बंगला असं करत ते घर हिंदुस्थानभर पसरलं. तिथून ते इंग्लंडला गेलं, ऑस्ट्रेलियाला गेलं, अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेलं आणि प्रत्येक ठिकाणी तिथलंच होऊन बसलं. इकडे मराठी माणसाच्या तोंडी मात्र ‘बंगला’ म्हणजे साहेबी थाटाचं घर असा अर्थ बसला. म्हणजे झोपडीचं नाव श्रीमंतीचं नाव झालं.

वाडा सोडून बंगल्यात

पहिलं महायुद्ध १९१८ ला संपलं, दुसरं १९३९ ला सुरू झालं. या एकवीस वर्षांत वऱ्हाडातल्या पैसेवाल्या माणसाचं घर बदललं आणि त्यामागे मोठी कारणं होती.

वऱ्हाडाची गोष्ट जरा वेगळी आहे. मुलूख कागदोपत्री निजामाचा, कारभार इंग्रजांचा. १९०२ च्या करारानं तो कायमच्या भाडेपट्ट्यावर इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजार होते, वऱ्हाडात मात्र रयतवारी होती. त्यामुळे इथला पैसा एका मालगुजाराच्या हातात न राहता मोठे खातेदार, देशमुख, सावकार, कापसाचे व्यापारी आणि वकील यांच्यात वाटला गेला. पुसद तालुका आधी वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो वणी जिल्ह्याला जोडला गेला आणि त्या जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. तालुक्याचं गाव म्हणजे तहसील, कोर्ट, पोलीस ठाणं, दवाखाना. त्यांच्यामागून वकील, डॉक्टर आणि पेन्शनर आले.

त्याआधी मातबर माणूस वाड्यात राहायचा. वाड्याचं तोंड आत. बाहेरून पाहिलं तर जाड भिंत आणि एक दिंडी दरवाजा. आत ओसरी, चौक, माजघर, देवघर, मागे परसदार आणि विहीर. उजेड यायचा तो चौकातून. छप्पर अनेकदा मातीच्या धाब्याचं. कोण कुठवर येणार हे घराच्या रचनेतच ठरलेलं असायचं. कूळ ओसरीवर, सोयरा चौकात, बायका माजघरात आणि काही माणसं दिंडीच्या बाहेरच.

बंगल्यानं हे उलटं केलं. बंगल्याचं तोंड बाहेर असतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला घर दिसावं म्हणूनच ते बांधलेलं. चौक गेला, त्याच्या जागी भोवतीनं व्हरांडा आला. बैठकीचा दिवाणखाना झाला. पक्षकारांसाठी वेगळ्या दाराची एक खोली आली, म्हणजे अशील घरात न शिरताच वकिलाला भेटू शकेल. मोटार उभी राहावी म्हणून पोर्च आला आणि काही ठिकाणी मोटार यायच्या आधीच तो बांधून तयार होता. स्वयंपाकघर मात्र बराच काळ मागेच राहिलं आणि देवघर कुठं ठेवायचं याचा घोळ प्रत्येक बंगल्यात वेगवेगळा सुटलेला दिसतो. बाहेरून साहेबी आणि आतून जुना संसार, अशी ही घरं आहेत. अभ्यासकांना नेमका हा घोळच हवा असतो. समाज बदलत असताना माणसं काय सोडतात आणि काय सोडत नाहीत, हे त्यात दिसतं.

हे सगळं सुबत्तेतच घडलं असंही नाही. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले. त्याच काळात पुसदचं नाव देशभर पोचलं ते वेगळ्या कारणानं. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात परवानगीशिवाय गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. त्यांना अटक झाली आणि सत्याग्रह मध्य प्रांत-वऱ्हाडभर पसरला. म्हणजे एकाच दशकात एकीकडे साहेबाच्या नमुन्याचं घर बांधणं चालू होतं आणि दुसरीकडे साहेबाचा कायदा मोडणं. कित्येकदा दोन्ही करणारा वर्ग एकच होता, शिकलेला आणि वकिली करणारा.

घराचं वय भिंतीच सांगतात

जुन्या घराबद्दल घरातली माणसं ‘दीडशे वर्षांचं आहे’ असं ठोकून देतात. ते तपासायची साधी रीत म्हणजे माल बघणं.

छपरावरचं मंगलोरी कौल काढून उलटं केलं तर त्यावर बहुधा कारखान्याचं नाव उठवलेलं सापडतं. अशा कौलांचा मंगलोरमधला पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ मध्ये काढला. तेव्हा ही कौलं मूळचीच असतील तर घर त्याआधीचं असू शकत नाही. मात्र कौलं नंतरही बदललेली असू शकतात, म्हणून एकट्या कौलावर निकाल देता येत नाही.

फरशी बघावी. रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या टाइल्स असतील तर १९२२ हे साल लक्षात ठेवायचं. त्या वर्षी मुंबईत सिधवा कुटुंबानं स्वदेशीच्या भावनेतून भारत फ्लोअरिंग ही कंपनी काढली. तोवर अशी फरशी म्हणजे विलायतेहून आलेला माल. टाइल उखडलेली असेल तर तिच्या पाठीवरचा छाप वाचता येतो.

मग सिमेंट. हिंदुस्थानात सिमेंटचं व्यवस्थित उत्पादन १९१४ नंतर सुरू झालं आणि १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी उभी राहिली. त्यामुळे १९२० च्या आसपासच्या घरात विटांचा दर्जा चुन्यात असतो आणि सिमेंट फार तर फरशीत किंवा छज्जात दिसतं. पुढे १९३५-३८ च्या घरांत काँक्रीटची सपाट गच्ची, गोलाई दिलेली बाल्कनी, भिंतीवर तीन आडव्या रेघा, जाळीत उगवत्या सूर्याची नक्षी असं सगळं येऊ लागतं. ही आर्ट डेको शैली. मुंबईच्या मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या याच शैलीच्या इमारती, समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह, २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. गावातल्या गवंड्यानं तीच शैली मुंबईत पाहून किंवा नुसत्या चित्रावरून केलेली असते आणि म्हणून तिला एक वेगळीच चव असते.

यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक साक्षीदार आहे, सागवान. जिल्हा सागाच्या जंगलांचा. त्यामुळे तुळया, दारं, खिडक्या, जिने सगळं सागाचं. पुसदला रेल्वे नव्हती. जवळची स्टेशनं यवतमाळ, हिंगोलीकडे. म्हणजे काच, लोखंडी गर्डर, टाइल्स असा जड माल स्टेशनवरून पुढे रस्त्यानंच यायचा. साहजिकच असल्या गावात बाहेरचा माल जपून वापरायचा आणि स्थानिक लाकूड-चुना सढळ हातानं, असा हिशेब बसतो.

याच सागामुळे ही घरं मरतातही. उतरवलेल्या जुन्या सागाला चांगला भाव येतो. काही वेळा घर पाडायचा खर्च लाकडातच निघतो आणि वर पैसे उरतात. वारसदारांच्या बैठकीत हा मुद्दा पहिल्या दहा मिनिटांत निघतो.

महत्त्व मोजतात कसं?

वारशाचं मोजमाप करायची जगभर वापरली जाणारी एक चौकट ऑस्ट्रेलियातून आली आहे. १९७९ मध्ये बुर्रा नावाच्या जुन्या तांब्याच्या खाणीच्या गावात ती ठरली, म्हणून तिला बुर्रा सनद म्हणतात. ती विचारते, की या जागेला सौंदर्याचं मूल्य आहे का, इतिहासाचं आहे का, अभ्यासाच्या दृष्टीनं आहे का, लोकांच्या आपलेपणाचं आहे का. भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या इंटॅक या संस्थेनं २००४ मध्ये स्वतःची सनद केली. तिचा रोख मुद्दाम अशा वास्तूंवर आहे ज्यांना कोणत्याही कायद्याचं संरक्षण नाही. देशातल्या जुन्या वास्तूंपैकी बहुतेक याच गटात मोडतात.

पुसदच्या नाईक बंगल्याला ही चौकट लावली तर पारडं इतिहास आणि लोकभावना यांच्या बाजूनं झुकतं. तांड्यावर वाढलेला बंजारा समाजातला मुलगा नागपूरला जाऊन वकील होतो, राज्याचा प्रमुख होतो, आणि त्याच्या घराण्याच्या घराचं नाव पत्त्याशिवाय चालू लागतं. या वास्तूची नोंद करताना कमानी मोजण्यापेक्षा तांडा आणि बंगला यांच्यातलं हे अंतर लिहून ठेवणं महत्त्वाचं.

दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह याच जातीचं उदाहरण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकात ते बांधलं आणि ग्रंथसंग्रह नीट राहावा हा त्यामागचा मोठा हेतू होता. इथे घराची रचना आणि माणसाचं आयुष्य वेगळं काढताच येत नाही. मलबार हिलवर जिनांनी १९३६ मध्ये बांधून घेतलेला बंगला क्लॉड बॅटली या नामवंत वास्तुरचनाकाराचा. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधी-जिना बोलणी तिथेच झाली. म्हणजे तिथे शैली आणि इतिहास दोन्ही. तरी हे घर फाळणीची आठवण म्हणून नकोसं वाटणारेही आहेत. महत्त्व असणं आणि प्रिय असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

गावातल्या वकिलाच्या बंगल्यात असं काही घडलेलं नसतं. तिथे तिसरा निकष लागतो. तो काळ, तो वर्ग, ती बांधणी दाखवणारं हे घर किती अस्सल राहिलं आहे आणि अशी किती शिल्लक आहेत? गावात चाळीस असतील तर एकाचं महत्त्व कमी वाटतं. पण एकेक करत तीनवर आली की त्या तिन्हींचं वाढतं. दुर्दैवानं चाळीस असताना कुणी यादी करत नाही.

संत्र्याच्या बागांमधलं एक गाव, जिथे यादी झाली

वरूड-मोर्शी पट्ट्याला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात ते संत्र्यांमुळे. खऱ्या कॅलिफोर्नियात पॅसाडेना नावाचं शहर आहे. १८७० च्या दशकात ते वसलं ते संत्र्याची लागवड करायला आलेल्या कुटुंबांनी. फळांचा पैसा आला, हवा चांगली म्हणून पूर्वेकडचे श्रीमंत आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बंगल्यांची लाट आली. उतरती छपरं, खोल व्हरांडे, उघडं लाकूड. बंगालची झोपडी अर्धं जग फिरून तिथे पोचली होती.

तिथला सगळ्यात नावाजलेला गॅम्बल हाउस १९०८ चा. प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या कंपनीतल्या गॅम्बल कुटुंबासाठी ग्रीन बंधूंनी तो बांधला. आतलं बरंच काम सागवानाचं. पुढे कुटुंब घर विकायच्या विचारात होतं. असं सांगतात, की बघायला आलेलं गिऱ्हाईक आपसांत बोलत होतं, ‘आतलं लाकूड पांढरं रंगवून घेऊ.’ ते कानावर पडलं आणि विक्री थांबली. १९६६ मध्ये घर शहराकडे सोपवलं गेलं.

पण पुसदसारख्या गावाला गॅम्बल हाउसपेक्षा त्याच शहरातल्या एका साध्या वस्तीची गोष्ट जास्त लागू पडते. नोकरदार, कारागीर, छोट्या दुकानदारांनी बांधलेले लहान लहान बंगले, एकही एकट्यानं पाहिला तर थोर नाही. १९८० च्या दशकात त्यातला एक पाडून अपार्टमेंट उभं राहिलं. रहिवासी हादरले, दारोदार फिरले आणि १९८९ मध्ये सुमारे ८०० घरांची ती सबंध वस्ती शहरानं संरक्षित म्हणून जाहीर केली. नाव ठेवलं ‘बंगलो हेवन’. घरं खासगीच राहिली. लोक राहतात, विकतात, स्वयंपाकघरं बदलतात. रस्त्यावरून दिसणारा भाग बदलायचा तर विचारावं लागतं, एवढंच.

इथे एक व्यवहारी गोष्टही होती. त्या शहरात लोकांना जुन्या घरात राहायचं होतं आणि त्यासाठी ते पैसे मोजायला तयार होते. आपल्याकडे तालुक्याच्या गावी जुनं घर म्हणजे गळकं घर.

कायदा काय म्हणतो

केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. त्यात वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते आणि ती राष्ट्रीय महत्त्वाची ठरावी लागते. दोन युद्धांमधली घरं आत्ता कुठे शंभरी गाठत आहेत. १९२६ चं घर २०२६ मध्ये, १९३८ चं २०३८ मध्ये. पण शंभरी भरली म्हणून वकिलाचा बंगला राष्ट्रीय स्मारक होणार नाही, हे उघड आहे. त्या कायद्याचं ते कामही नाही.

अशा घरांसाठी वाट नगररचनेतून जाते. मुंबईनं १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंचे नियम आणले. देशात अशी ही पहिलीच व्यवस्था मानली जाते. त्यात श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, ज्यांना जवळपास हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या. तिसऱ्या श्रेणीत परिसराचं रूप घडवणाऱ्या, ज्यांत बदल करायला बरीच मोकळीक असते. तालुक्याच्या गावातला बंगला साधारण तिसऱ्यात, फार तर दुसऱ्यात बसेल. नागपूरचीही अशी स्वतंत्र वारसा यादी आणि समिती आहे.

मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० पासून एकच एकत्रित विकास नियमावली लागू आहे आणि तिच्यातही वारसा वास्तूंच्या जतनाच्या तरतुदी आहेत. म्हणजे नगरपरिषदेच्या गावालाही यादी करता येते. यादीचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि मग श्रेणी ठरते.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. यादीत नाव आलं म्हणजे घर सरकारजमा होत नाही. मालकी तीच राहते. विकता येतं, भाड्यानं देता येतं, आत राहता येतं. पाडायचं किंवा मोठे बदल करायचे तर समितीची परवानगी लागते.

मग मालक घाबरतात का? कारण नुकसान खरं आहे. चार मजले चढवता येणारी जागा एकमजली राहते. त्याची भरपाई म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची सोय आहे. न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या बिल्डरला विकायचा. मुंबई-पुण्यात त्याला गिऱ्हाईक मिळतं. लहान गावात जमीनच तुलनेनं स्वस्त, तिथे कागदावरचा हक्क कोण विकत घेणार? नियम महानगराच्या बाजारभावावर बेतलेले आहेत आणि छोट्या गावात ते लंगडे पडतात. लहान शहरांत वारसा याद्या पुढे सरकत नाहीत त्याला मालकांच्या कद्रूपणापेक्षा हे कारण मोठं आहे.

यादीत नाव नसलं तर काय होतं, हे मुंबईतच दिसलं. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचा मलबार हिलवरचा ‘मेहरांगीर’ बंगला २०१४ मध्ये ३७२ कोटींना लिलावात गेला. स्मारक करा म्हणून शास्त्रज्ञांनी आणि अणुऊर्जा खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी मागणी केली, प्रकरण कोर्टातही गेलं. २०१६ मध्ये बंगला पाडला गेला. इतक्या मोठ्या माणसाचं घर, इतक्या मोठ्या शहरात. धावाधाव सुरू झाली ती विक्री ठरल्यावर.

घर टिकवायचं तर नेमकं काय करायचं

जुनं घर बहुधा दोन गोष्टींनी मरतं, पाणी आणि सिमेंट. पाण्याचं सगळ्यांना कळतं. कौल सरकलं, पन्हळ तुंबली, तुळईचं टोक कुजलं, वाळवी लागली. सिमेंटचं मात्र उलटं वाटतं. चुन्याच्या भिंतीला ओल आली की गवंडी सिमेंटचा गिलावा मारून देतो. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. वर सिमेंटचं कवच बसलं की ओल आतच कोंडते, वीट खारते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून पडतो. मग मालक म्हणतो, घरच गेलं. खरं तर दुरुस्तीनं घालवलेलं असतं. चुन्याला चुनाच लागतो. तो मळणारा गवंडी आता शोधावा लागतो, पण मिळतो.

लाकडाचंही तसंच. सागावर ऑइलपेंटचे थर चढवण्याऐवजी ते खरवडून जवसाचं तेल देणं ही जुनी रीत. विदर्भात जवस पिकतो, त्यामुळे ही रीत परकी वाटायचं कारण नाही. छताखाली लावलेलं पीओपी काढलं तर उंच छत परत मिळतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा या घरांचा खोल व्हरांडा, जाड भिंत आणि वरचे झरोके कशासाठी होते ते अंगाला कळतं.

आणि घर वाचणारच नसेल तरी नोंद वाचवता येते. आखीव पत्रिका आणि जुनं खरेदीखत यांवरून जागेचा इतिहास लागतो. नगरपरिषदेच्या जुन्या कर आकारणीत घर पहिल्यांदा कधी आलं ते सापडू शकतं. दर्शनी बाजूचा समोरून एक फोटो, चारही बाजूंचे फोटो, प्रत्येक खोलीचं माप घेऊन केलेला साधा नकाशा, कौलावरचा आणि फरशीवरचा छाप, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची अर्ध्या तासाची बोलती आठवण. जवळच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मोजणीचा सराव म्हणून अशी घरं लागतातच. फोटो काढताना पाटी, बॅनर, गाड्या बाजूला करून काढावेत. वारसा यादीच्या प्रस्तावाला हेच कागद जोडावे लागतात, आणि हरकतींची मुदत लागल्यावर ते गोळा करायला वेळ पुरत नाही.